दांड्या पूर्ण, फोन बंद

"सर, हे तं आमच्याच घराकडं दाखवून राह्यलं," पूजा म्हणाली आणि तिनं हातातली अँटेना खाली केली.

आर्वीत, तिच्याच गल्लीत आम्ही भर दुपारी उभे होतो. मी वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वायरलेस कम्युनिकेशन शिकवतो. पूजा शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टचा विषय तिनंच निवडला होता: गल्लीत मोबाइलच्या दांड्या पूर्ण दिसतात, तरी फोन का लागत नाही? समोरच्या आशा वर्कर मंदाताईंना याचा फार त्रास. नुकताच एकजण बायकोला कळा सुरू झाल्यावर फोन लावून लावून थकला आणि शेवटी मोटारसायकलवर त्यांच्या दारात आला. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण मंदाताईंनी धसका घेतला होता.

"पुन्हा फिरव," मी म्हटलं. एका रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी लॅबमध्ये घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

आमची अँटेना जुन्या टीव्हीच्या छपरावरच्या अँटेनासारखी. तोंड जिकडे, तिकडचंच ऐकते. ती स्पेक्ट्रम ॲनालायझरला जोडली की कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती गोंगाट आहे, ते स्क्रीनवर दिसतं. लॅबमधलं सगळ्यात महागडं यंत्र. एसटीत मी ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

पूजानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून रीडिंग घेतलं आणि नकाशावर दोन्ही दिशांच्या रेषा ओढल्या. त्या घराला लागूनच असलेल्या तिच्या वडिलांच्या किराणा दुकानावर छेदल्या.

दुकानात साबणाच्या खोक्यांमागं सिग्नल बूस्टर होता. हा डबा छपरावरच्या अँटेनातून सिग्नल घेतो आणि वाढवून आत सोडतो. आतल्या फोनचाही वाढवून टॉवरकडं पाठवतो. पण छपरावरची आणि आतली अँटेना जवळजवळ असल्या तर माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तशी शिट्टी सुरू होते. आपल्याला ऐकू येत नाही, टॉवर मात्र बहिरा होतो. म्हणून तर परवानगीशिवाय तो बसवायला बंदी आहे.

"बाबा, याची पिन काढा," पूजा म्हणाली.

"काऊन? तुया ऑनलाइन क्लाससाठीच तं बसवला होता. रेंज पाय किती मस्त येते!"

"त्यानंच मंदाताईले फोन लागत नाई."

बाबांचा चेहरा उतरला. फोन कंपनीविरुद्ध गल्लीच्या तक्रारीवर पहिली सही त्यांचीच होती. त्यांनी पिन काढली. स्क्रीनवरचा गोंगाटाचा डोंगर सपाट झाला. पूजानं बाहेर जाऊन मंदाताईंना फोन लावला. समोरच्या घरात घंटी वाजली.

मला आनंद झाला. पूजा मात्र रडवेली.

परतताना बस स्टँडवर तिनं विचारलं, "सर, रिपोर्टमधी 'एक दुकान' असं लिवलं तं चालन का?"

"चालेल," मी म्हटलं. शास्त्राला मालकाचं नाव लागत नाही. नाव सांगायचं की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं होतं. हा निर्णय शिकवून येत नाही.

परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. "बूस्टर कुणाचा होता?"

पूजा म्हणाली, "आमचा, सर."

परीक्षक हसले. "म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"हो सर. बाबांनीच मंदाताईकडं जाऊन सांगितलं. मंग मी काऊन लपवू?"

आता दुकानात रेंज नाही. ऑनलाइन पैसे आल्याचं सांगणारं मशीन बाबांनी बाहेर पायरीवर ठेवलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाचा हिशेब गल्लीभर ऐकू जातो आणि बाबा कुरकुरतात.

नव्या बॅचला मी आता पहिल्याच तासाला सांगतो: टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत पोचतो, एवढंच दांड्या सांगतात. आपला पलीकडे पोचतो का, ते त्यांना विचारू नका. समोरच्या घरी जाऊन विचारा.