सुन्दोकचा उसना आवाज

तर काल आपण संत्र्यांच्या टोपलीपाशी थांबलो होतो. टोपली सुन्दोकच्या दारात, आणि शेजारगावचा एकटा म्हातारा ग्योंमान ओट्यावर टेकून गुडघा चोळतोय. म्हणाला, "रोज सकाळी न चुकता फोन करून विचारपूस करता, म्हटलं एकदा भेटून यावं."

सुन्दोकनं त्याला जन्मात कधी फोन केला नव्हता.

सत्तरी ओलांडलेली बाई, पोरवयापासून कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात बुड्या मारून शंख काढणारी. वसंतात सरकारी कचेरीतल्या लोकांनी तिला आठवडाभर बंद खोलीत बसवून बेटाच्या बोलीतली वाक्यं वाचून घेतली. आता तिच्या आवाजात यंत्र बोलतं. एकट्या म्हाताऱ्यांना फोन करतं, जेवलात का विचारतं, चांगल्या गप्पा मारतं. फोन उचलला नाही तर कचेरीतून माणूस धावत येतो. तसं पत्रक घरोघर वाटलं होतं. ग्योंमाननं ते न वाचताच किमचीच्या, आंबवलेल्या कोबीच्या बरणीखाली घातलेलं, आणि फोनवरचा आवाज मात्र सुन्दोकचा म्हणून बरोबर ओळखलेला.

खरं सांगावं, तर हा रागानं फोन उचलायचा बंद होणार. गेल्या थंडीत बागेत पडला, तर अर्धा दिवस कुणाला पत्ता नव्हता. न सांगावं, तर दर शुक्रवारी टोपली येतेय.

बाईचं चित्त ठिकाणावर राहीना. वाळत घातलेलं शेवाळ तासात तीनदा उलटलं. पाण्यात दीड मिनिट दम धरणारी ती, अर्ध्या मिनिटात रिकाम्या हातानं वर येऊ लागली.

"काय गं," बुड्या मारणारी जोडीदारीण ओकजा, दम खायला पाण्यावर सोडलेला तरंगता भोपळा धरून म्हणाली, "तुझा आवाज तिकडे संसार थाटून बसलाय, आणि तू इथे शंख शोधतेस होय?"

"तू आपली जाळी बघ."

चौथ्या शुक्रवारी ग्योंमान ओट्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "परवा माझ्या बायकोच्या शेवटच्या दिवसाचं बोललो ना तुमच्याशी, त्या रात्री झोप लागली बघा. पोरांनाही कधी सांगितलं नव्हतं मी ते."

आता मात्र सुन्दोकला बसवेना. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगून टाकलं. खोली, वाक्यं, यंत्र.

म्हाताऱ्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. उठायला गेला, गुडघ्यानं साथ दिली नाही.

"मग मी ते सांगितलं कुणाला?"

सुन्दोकनं टोपलीतलं एक संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्या हातावर ठेवलं, उरलेलं आपल्या तोंडात टाकलं.

"मला नाही सांगितलंत, म्हणून तर बसा म्हणते. पहिल्यापासून सांगा, मला कुठं जायचं नाही. सकाळचा फोन मात्र उचलत जा, नाहीतर मला रोज तुमच्या गावापर्यंत चालत यावं लागेल. आणि ही संत्री आंबट आहेत, चारही शुक्रवारची आंबट होती, हे त्या यंत्रानं तुम्हाला कधी सांगितलं नसतं."