वानरांनी प्रेमदासचं ऐकणं सोडलं

औंढ्याच्या डोंगराला लागून एक तांडा आहे. तिथल्या प्रेमदास आडेला वानरासारखं ओरडता यायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी तो बापाची गुरं डोंगरात चारायचा. तिथं दिवसभर बोलायला माणूस नसायचं, वानरं मात्र भरपूर होती. आता तो साठीला टेकला होता. बायको मिराबाई म्हणायची, "माणसांत बसले की तोंड उघडत न्हाई, अन् वानरं दिसली की लगेच गळा साफ करता."

वानरांच्या बोलण्यातल्या चार-पाच गोष्टी त्याला पक्क्या कळायच्या. टोळीतला मोठा नर, म्हणजे हुप्प्या, सकाळी 'हूप, हूप' करतो. त्यातून शेजारच्या टोळीला आपली जागा सांगितली जाते. चरताना सगळी हळू आवाजात घुरघुरतात, म्हणजे कुणी मागं राहत नाही. पिल्लू किंचाळलं की आईबरोबर दोन-तीन मावश्याही धावतात. आणि झाडावरच्या एखाद्याला बिबट्या दिसला, तर ते खोकल्यासारखं कोरडं 'खॅक्, खॅक्' करतं. तो आवाज आला की एकही वानर जमिनीवर राहत नाही.

त्या वर्षी हरभऱ्याला घाटे धरले आणि चाळीसएक वानरांची टोळी ओढ्याच्या कडेनं शिवारात उतरली. लोकांनी फटाके वाजवले. वानरं दोन बांध मागं जाऊन बसली आणि फटाके संपल्यावर परत आली. कुत्री सोडली, ती दमली. मग गावचे सरपंच उत्तमराव तांड्यावर आले.

"प्रेमदासभाऊ, तुमाला त्यांची भाषा येते म्हणं."

"थोडी येते."

"मंग त्याहीला सांगा ना, जा म्हून."

"जा म्हणायचा शब्द त्यांच्यात न्हाई," प्रेमदास म्हणाला.

तरीही ग्रामपंचायतीनं त्याला राखणीला ठेवलं. पहिल्या दिवशी त्यानं हुप्प्याचा आवाज काढला. दुसरा नर आला असं वाटून टोळी निघून जाईल, असा त्याचा अंदाज होता. पण टोळीतल्या हुप्प्यानं उलट हूप केलं आणि तो प्रेमदासला बघायला बांधापर्यंत आला. त्याच्यामागं बाकीची टोळीही आली. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त हरभरा गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं 'खॅक्' केलं. चाळीसच्या चाळीस वानरं हातातले घाटे टाकून ओढ्याकाठच्या झाडांवर चढली आणि तासभर खाली उतरली नाहीत. शेतकरी खूश झाले. उत्तमरावांनी कुरुंद्याचे आपले पाहुणे ते बघायला मोटारसायकलवर आणले. पाहुण्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि प्रेमदासला हार घातला. हारातली झेंडूची फुलं नंतर वानरांनी खाल्ली.

हे बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी प्रेमदास ओरडला तेव्हा एक म्हातारी वानरी झाडावर चढलीच नाही. ती उभी राहिली. तिनं ओढ्याकडं बघितलं, मग प्रेमदासकडं बघितलं आणि ती खाली बसून खायला लागली. चौदाव्या दिवशी तिच्या आजूबाजूच्या सहा-सात जणी बसून राहिल्या. सोळाव्या दिवशी हुप्प्यासुद्धा उठला नाही.

प्रेमदासनं जागा बदलली. पोतं पांघरून ओरडला. कोरड्या विहिरीत उतरूनही ओरडला. वानरांनी दर वेळी आवाज ओळखला. बिबट्या आहे असं रोज सांगून एकदाही न दाखवणारा हा एक जण आहे, एवढं टोळीत सगळ्यांना समजलं होतं. त्यांनी त्याच्यावर राग धरला नाही. फक्त त्याचं म्हणणं मनावर घेणं सोडलं.

प्रेमदासला हे फार लागलं. दोन दिवस तो जेवताना बोलला नाही. मिराबाईच्या ते लक्षात आलं नाही, कारण एरवीही तो बोलत नसे.

ओरडणं मात्र त्याला बंद करता येईना. उत्तमराव आपल्या ओट्यावर बसून त्याचा आवाज ऐकायचे आणि तो आला म्हणजे राखण चालू आहे असं समजायचे. एकदा आवाज चुकला तर लगेच फोन आला, "प्रेमदासभाऊ, दुपारचं काही ऐकू आलं न्हाई." म्हणून तो सकाळी, दुपारी आणि चार वाजता बरोबर ओरडायचा. वानरं समोर बसून खायची. तो हुबेहूब ओरडायचा, त्यामुळं शिवारातल्या बायांनाही त्या आवाजाची सवय झाली.

माघ संपत आला तेव्हाची गोष्ट. ओढ्याला लागून असलेल्या रानात हळद काढणी चालली होती. मिराबाई आणि आणखी पाच बाया हळदीचे गड्डे फोडून कंद वेचत होत्या. त्यांतल्या शितलनं आपलं आठ महिन्यांचं लेकरू ओढ्याच्या काठी बाभळीला झोळी बांधून निजवलं होतं. प्रेमदास हरभऱ्याच्या बांधावर भाकर खात बसला होता. चार वाजायला अवकाश होता.

एवढ्यात ओढ्यातून 'खॅक्' आलं.

त्याला आधी वाटलं, एखादं पिल्लू आपली नक्कल करतंय. पण पहिल्या आवाजाला दुसऱ्या झाडावरून आवाज मिळाला, मग तिसऱ्या. झुडपातले सातभाई पक्षी एकदम कलकलले. पलीकडून मोर ओरडला. प्रेमदासच्या ओरडण्याला मोरानं कधीच साथ दिली नव्हती. समोर हरभऱ्यात बसलेली म्हातारी वानरी सगळ्यांच्या आधी झाडावर पोचली.

प्रेमदास तोंडात घास घेऊनच पळत सुटला.

"चला, उठा, बिबट्या हाय!"

बायांनी माना वर केल्या. एक जण हसून म्हणाली, "काका, आज चारच्या आधीच सुरू केलं व्हय?"

"मी न्हाई करून राहिलो!"

"मंग कोन करून राहिलंय?"

प्रेमदासनं घास गिळला. "मी हितं तुमच्यापुढं उभा हाव. मंग तिकडं कोन वरडून राहिलंय?"

बायांनी कान दिला. ओढ्यात आवाज चालूच होता आणि प्रेमदासचं तोंड बंद होतं. मिराबाईला सगळ्यांत आधी कळलं. ती नुसतं "शितल, लेकरू" एवढंच म्हणाली.

शितल एकटीच धावणार होती. मिराबाईनं तिचं मनगट धरलं. "एकटी न्हाई. समदे मिळून." सगळ्यांनी घमेली उचलली आणि विळ्यांनी ती बडवत, मोठ्यानं ओरडत, एकमेकींना खेटून त्या बाभळीकडं निघाल्या. प्रेमदास पुढं होता. त्याच्या हातात काठी नव्हती, अर्धी भाकर होती.

बिबट्या दिसत नव्हता. प्रेमदास वानरांची तोंडं बघत होता. ती सगळी एकाच करवंदीच्या जाळीकडं वळली होती. जाळी झोळीपासून वीसएक पावलांवर होती.

"तिकडं हाय," तो म्हणाला. "थांबू नका."

शितलनं झोळीतून लेकरू उचललं. ते झोपेतच होतं. तेवढ्यात झाडांवरची सगळी तोंडं हळूहळू डोंगराच्या बाजूला फिरायला लागली. प्रेमदासनं बोट दाखवलं. जाळीच्या मागून पिवळसर पाठ आणि लांब शेपूट वर चढून गेली. बिबट्याला काही घाई दिसत नव्हती. वानरं तो पार दिसेनासा होईपर्यंत ओरडत राहिली.

बाया रानात परत येऊन बसल्या. शितलनं झोपलेल्या लेकराला उगीच उठवलं. ते रडायला लागल्यावर तिला बरं वाटलं. मिराबाईनं प्रेमदासला पाण्याचा तांब्या दिला आणि त्याच्याशेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी वन खात्याची दोन माणसं आली. त्यांनी ठसे बघितले आणि लेकरं ओढ्याकडं नेऊ नका असं सांगितलं. ती गेल्यावर प्रेमदास उत्तमरावांच्या ओट्यावर गेला.

"मी आजपासून वरडणार न्हाई. वानरं माझं ऐकत न्हाईत. लई दिस झाले."

उत्तमराव चकित झाले. "मंग तुमी रोज वरडत काहून होता?"

"तुमी ऐकत होता म्हून."

 उत्तमरावांनी विचारलं, "बाया ऐकत होत्या का?"

"त्या ऐकत होत्या, म्हूनच काल लगेच उठल्या न्हाईत."

राखणीचं काम बंद झालं, पण ग्रामपंचायतीनं शिवारातल्या सगळ्यांचे नंबर प्रेमदासला लिहून दिले. खरा आवाज झाला की त्यानं त्यांना फोन करायचा, असं ठरलं. त्यानंतर दोनदा त्यानं फोन केले आणि दोन्ही वेळा लोक रान सोडून आले. तांड्यावर कुणी गमतीनं ओरडून दाखवायला सांगितलं तर तो उठून जायचा. मिराबाई म्हणायची, "तकलीफ होते त्याहीला, नका म्हनू."

निम्मा हरभरा वानरांनी खाल्ला. पुढच्या वर्षी उत्तमरावांनी ओढ्याकडच्या रानात करडई पेरली. ती काटेरी असते, त्यामुळं वानरं बांधावरूनच परत गेली. उत्तमरावांनी ही युक्ती मोठ्या कौतुकानं प्रेमदासला सांगितली.

"बराबर हाय," प्रेमदास म्हणाला. "पण तुमी मला वानरांचं इचारलं होतं, पिकाचं न्हाई."