यंत्राला लावलेला भंडारा

हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

दुष्काळाचा उन्हाळा होता. गावच्या दूध सोसायटीचा मी सेक्रेटरी. शहरातून एक डॉक्टरीणबाई कॉम्प्युटर घेऊन आल्या, आणि वीज सोसायटीतच असल्यानं तो माझ्या टेबलावर बसला. बाप रे! काळी काच, तिच्यावर हिरवी अक्षरं आपोआप पळायची. खोकला, ताप, भूक — माणूस सांगेल ते बाई त्यात घालायच्या, आणि यंत्र क्षयाचा अंदाज सांगायचं. मी तर बघतच राहिलो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

बाईंनी मला बजावलं होतं, "ही परीक्षा यंत्राची आहे, माणसांची नाही. ते चुकेलही. प्रत्येकाला हे समजावून सांगा. नको म्हणेल त्याला जाऊ द्या. आणि एकाचा निकाल दुसऱ्याला कळता कामा नये." किती सोपं होतं, नाही का?

पण लोक दारातूनच माघारी फिरायला लागले. माणसं जमवायचं मी बाईंना कबूल केलेलं; माझा शब्द गावात खाली पडतो की काय — असं झालं मला. बाई जेवायला गेल्या, तसा मी खंडोबाचा भंडारा आणून यंत्राला लावला आणि म्हणालो, "देवाचा कौल हाय ह्यो!" झालं! चपला बाहेर, हात जोडलेले, अशी रांग लागली. बाईंना वाटलं, नव्या यंत्राची पूजा केली असेल. आणि खरं सांगू? त्या काचेपुढं माझेही हात जोडले गेले होते.

एकट्या भामावहिनी — माझ्या चुलतभावाची बायको, कडेवर तान्ही पोर — दाराशी थांबल्या. "भावजी, न्हाय म्हणलं तर चालतंय का?"

चालत होतं. मी म्हणालो, "देवाला न्हाय म्हणता व्हय?" त्या गुमान आत येऊन बसल्या.

काचेवर क्षयाची शक्यता उमटली. बाईंनी वहिनींना हळूच तपासणीला दवाखान्यात बोलावलं. मला इंग्रजी वाचता येतं, याचा केवढा तोरा! संध्याकाळी चुलतीला, म्हणजे वहिनींच्या सासूला, सांगून मोकळा झालो. सकाळी वहिनींचं ताट वेगळं. मग पोर काढून घेतली आणि त्यांना माहेरी धाडलं.

दवाखान्यात काहीच निघालं नाही. बाई स्वतः चुलतीकडं आल्या, हात जोडून म्हणाल्या, "यंत्र चुकलं हो."

"तुमी लई शिकल्यात, बाई," चुलती म्हणाली, "पण देवाचा कौल चुकत नसतो."

कसला कौल, बाईंना कळेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. भंडारा म्या लावला — एवढंच म्हणायचं होतं. दुधाची वेळ झाली म्हणून मी उठलो. भित्रा! दुसरं काय म्हणू?

चुलतभावानं दुसरी केली. वहिनींना पुढं साधा खोकलाही कधी झाला नाही. पोरीवाचून त्या माहेरीच म्हाताऱ्या झाल्या. पोर दुसरीलाच आई समजून आमच्या अंगणात वाढली. तिच्या लग्नात वहिनी आल्या, मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या, डोळ्याला पदर लावून.

"काका, त्या कोण वो? लई रडायल्यात," नवरीनं मला विचारलं.

मी म्हणालो, "असतील कुणी पाहुण्यातल्या."