टबाचं बूच

नात टबातून बाहेर पडली की माझं काम सुरू व्हायचं. अंगणातला तिचा तो बदकांच्या चित्रांचा प्लास्टिकचा टब मगाने उपसायचा, बादल्या भरायच्या आणि झाडांना नेऊन घालायच्या. टब तिथेच उपडा करावा तर सगळा चिखल, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी वाया घालवायला जीव होत नाही.

माझी कंबर धरलेली पाहून परवा ह्यांनी मोडक्या कूलरच्या टाकीची तोटी बुचासकट काढली. सळई तापवून टबाला तळालगत भोक पाडलं आणि रबरी वायसर घालून तोटी घट्ट बसवली.

"आता बूच काढायचं, नळी लावायची आणि नुसतं बसायचं," ते म्हणाले.

तशी मी पायरीवर बसले. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. इतकी वर्षं पाणी भरलं, तापवलं, उपसलं, वाहून नेलं. ते आपलं आपण जाताना कधी बघितलं नव्हतं. जास्वंदीच्या आळ्यात ते सावकाश पसरत होतं. टबात पाणी उतरत गेलं तशी तळाशी बसलेली माती दिसू लागली. दिवसभर ती तिथेच असणार. माझा थकवाही तसाच, हात थांबल्यावर दिसला. तो आजचा नव्हता, एवढं कळलं.

नातीने येऊन टबात डोकावलं. "आजी, पाणी संपलं. ऊठ ना."

"उठते," म्हटलं, आणि बसून राहिले.