बत्तीस शिराळा

कागदावरच्या चुकीला माझ्या मामेभावाइतका चिडणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. खिशात तांबडी पेन्सिल कायम. एस.टी.च्या तिकिटापासून लग्नपत्रिकेपर्यंत वेलांटी चुकली की हा तिथल्या तिथं दुरुस्त करणार. माझ्याच लग्नाची पत्रिका त्यानं तपासून परत पाठवली होती, वर शेरा, 'पुन्हा छापा'. बोलणं मात्र अस्सल गावाकडचं. विचारलं तर म्हणायचा, "बोलताना मी आईचा हाय, लिवताना मास्तरचा."

इतिहासात एम.ए., पहिला वर्ग. कॉलेजात शिकवायचं, याखेरीज या माणसाला आयुष्यात काही नको होतं. आणि नेमकं तेच कारकुनांनी त्याला मिळू दिलं नाही, मेल्यांनी!

पहिला अर्ज साताऱ्याला केला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. पत्ता त्यानं शिस्तीत लिहिला, 'मु. पो. ३२ शिराळा'. आमच्याकडं गावाचं नाव तसंच लिहितात. जन्मतारीख खाली होती, पण तिच्यावरून वय काढायचे कष्ट कोण घेणार? कारकुनाला पत्त्यात आयता आकडा सापडला. उत्तर आलं, 'आपले वय बत्तीस असून मर्यादा तीस आहे. सबब अर्ज नामंजूर.'

शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. कारकून बशीतला चहा फुंकत होता.

"आवं, बत्तीस गाव हाय! मी चोवीस हाय!" हा ओरडला.

"आवाज खाली. बत्तीस तुम्हीच लिहिलंय. यादी वर गेली आता, पुढच्या वर्षी या."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी टेबलावर मूठ आपटली, चहा फायलींवर सांडला, आणि शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी अक्कल मी चालवली. म्हटलं, "ते बत्तीस गाळ की. नुसतं शिराळा लिही."

"गावाचं नाव अर्दं लिवू व्हय रं?"

तासभर भांडून मी त्याला गाळायला लावलं. मुलाखतीचं पत्र निघालं, ते विदर्भातल्या कुठल्याशा शिराळ्याला गेलं. तिथून तीन पोस्टांचे शिक्के खाऊन आमच्याकडं पोचलं, तोवर मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. चूक माझीच होती. आजही ते पत्र आठवलं की मला माझाच राग येतो.

मग पत्त्यात बत्तीस परत आलं. सांगलीच्या एका बहाद्दरानं तर नागपंचमीच्या नागांचं शिराळा वाचून त्याचा अर्ज प्राणिशास्त्राच्या फायलीत घातला! मुलाखतीत पहिलाच प्रश्न, "नाग स्वतः पकडता का?"

"आवं, मी इतिहासाचा हाय. घरात पाल निघाली तर बायकूला हाक मारतो!"

सगळे पोट धरून हसले. नोकरी दुसऱ्याला गेली. हा गावच्या हायस्कूलात बदली मास्तर म्हणून भूगोल शिकवत राहिला, आणि दर उन्हाळ्यात अर्ज करत राहिला.

परवाच्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा मी त्याच्याकडंच होतो. तेच वाक्य, 'आपले वय बत्तीस असून...' मी ताडकन उठलो.

"चल! दाखला काढ. आज त्या कारकुनाला सोडत नाही!"

त्यानं ट्रंक उघडली, दाखला काढला, बोटांवर काहीतरी मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बत्तीस नाही, बत्तीस नाही, असं ओरडण्यात इतकी वर्षं गेली, आणि खरं वय मोजायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

"बस गड्या खाली," तो म्हणाला. "या टायमाला कारकुनाचं बरूबर हाय."

मला त्याचं चिडणं हवं होतं. त्यानं ओरडावं, मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत राहिलो. पत्रात त्याच्या आडनावाची वेलांटी चुकली होती. ती त्यानं पाहिली, पत्राची घडी घातली आणि ट्रंक लावून टाकली. तांबडी पेन्सिल खिशातच होती.