बसून घालायचा स्वेटर

शकीलाखालांच्या शिलाई दुकानात स्वेटर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. स्वेटर निदान उसवता तरी येतो. किस्सा उसवता येत नाही. उलट दर संध्याकाळी कोणीतरी त्यात दोन ओळी वाढवतंच!

दुकान कंधारच्या बसस्टँडसमोर आहे. शाळा सुटली की मी तिथे जाते. मशीनवर खाला, त्यांच्या शेजारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या वाघमारे सिस्टर आणि उंबरठ्यात पाय पसरून गोदावरीकाकू. काकू शेतातून येतात आणि येताना बातम्या घेऊन येतात. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसते. मी फारशी बोलत नाही. बघते.

या हिवाळ्यात आमच्यापुढे एकच काम होतं. माझ्या पप्पांचा स्वेटर! पप्पा बस चालवतात. पहाटेची कंधार–लातूर त्यांची. खिडकीची काच खाली केल्याशिवाय त्यांना गाडी चालवल्यासारखंच वाटत नाही. त्यामुळे थंडीत उजवा खांदा असा धरतो की चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं, "खांदा गरम ठेवा, नाहीतर स्टिअरिंग सोडा." आणि विकतचा प्रत्येक स्वेटर पप्पा अहमदपूर यायच्या आत काढून सीटमागे टाकतात. म्हणतात, "आवळायलाय."

मग मी ठरवलं, आपणच विणायचा.

*

नमुना मोबाइलवरच्या व्हिडिओतला. तिथली बाई म्हणाली, अडतीस छातीला शंभर टाके. आम्ही काम वाटून घेतलं. पाठ काकूंनी विणायची, पोट मी.

काकू लोकर अशी ओढतात जशी कडब्याची पेंढी बांधायलीत. माझे टाके ढिले. आठ दिवसांनी दोन्ही भाग समोरासमोर धरले. शंभरला शंभर टाके, एक कमी नाही, एक जास्त नाही. पाठ माझ्या मापाची झाली होती आणि पोट काकूंच्या धिप्पाड मालकांच्या!

"आता असा माणूस शोधा," खाला म्हणाल्या.

काकूंना काही पटेना. "टाके मोजले ना मी? मग? त्या बाईलाच इचारा!"

सिस्टरांनी सगळं उसवलं आणि माझ्याकडे बघून सांगितलं, "इथून पुढे विणणार एकटी स्वाती. आधी चार बोटांचा तुकडा विणायचा, त्यात किती टाके बसले ते मोजायचं आणि मग गणित करायचं. व्हिडिओतल्या बाईचा हात वेगळा, आपला वेगळा."

*

माप घ्यायचं तर पप्पांना कळू द्यायचं नव्हतं. रविवारी दुपारी ते झोपले होते. मी श्वास रोखून टेप फिरवला आणि पळत दुकानात आले. "पोट छत्तीस!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "छत्तीस? तुझ्या बापाचं? माय, परवा हुरड्याला आला तवा तर बेचाळीस दिसत होतं!"

सिस्टर हसून हसून खुर्चीतून उठल्या. "अगं, निजलेल्या माणसाचं पोट दोन्ही बाजूंनी ओघळतं. माप उभ्या माणसाचं घेतात!"

शेवटी पप्पांना सांगावंच लागलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले, पोट आत ओढून. मी हळूच म्हणाले, "पप्पा, श्वास सोडा." त्यांनी सोडला. चार इंच वाढले!

*

गणित मात्र मला वर्गात नडलं. काखेपासून खांद्यापर्यंत चाळीस ओळी आणि तेवढ्यात सोळा टाके कमी करायचे. म्हणजे किती ओळींनी एक? मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते आणि गणिताचे सर कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"हे काय आहे?"

मी पानावर हात ठेवला. मैत्रिणीने सांगून टाकलं, "सर, तिच्या पप्पांची काख."

मला वाटलं, आता मेले. पण सरांनी वही उचलली, फळ्यावर मोठी काख काढली आणि म्हणाले, "सोडवा!" अख्ख्या वर्गाने माझ्या पप्पांची काख सोडवली. उत्तर आलं अडीच.

"अडीच ओळी?" सर म्हणाले. "अर्धी ओळ विणणार कशी?"

कोणालाच येईना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, एकदा दोन ओळींनी, एकदा तीन ओळींनी."

सरांनी खडू खाली ठेवला. "तुला बोलता येतं?"

*

मध्येच शेळीचं प्रकरण झालं. काकूंनी एक बाही नुसती बघायला म्हणून घरी नेली आणि बाजेवर ठेवली. सकाळी बाही होती, पण मनगट नव्हतं. सोबतचा निळ्या लोकरीचा गुंडाही गायब!

"माझी शेळी लई गुणाची हाय," काकू म्हणाल्या. "तिथंच लाल लुगडं पडलं होतं, त्याला तोंड लावलं न्हाई. निळंच तेवढं खाते."

तो निळा रंग नांदेडहून आणलेला, आणि दुकानदाराकडे तो शेवटचा होता. खालांनी जुनी मरून लोकर काढून दिली. दोन्ही बाह्यांची मनगटं मरून झाली. "अब फॅशन बोलके चला देंगे," खाला म्हणाल्या.

*

पौष सरता सरता स्वेटर झाला. पप्पा उभे राहिले, खालांनी चारही बाजूंनी फिरून बघितलं. खांदा खांद्यावर, गळा गळ्यात. एक सुरकुती नाही! मी त्या आनंदात जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पा परत आले तर स्वेटर पिशवीत.

"लई छान हाय बाळा," ते म्हणाले. "आज जरा गरम व्हायलं होतं, म्हणून काढला."

चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला.

खरं काय ते कंडक्टर जाधवकाकांनी दुकानात येऊन सांगितलं. "पोरी, बाप तुझा बोलायचा न्हाई. अगं, पहिलं वळण आलं की बाह्या कोपरावर, पाठ वर, शर्ट बाहेर! मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, डायव्हरसाहेब, कंबर झाका, हवा लागायली!"

सगळे हसले. मी नाही हसले. निळी लोकर संपली होती, थंडी संपत आली होती.

खालांनी मशीन थांबवलं. "बेटा, तुमारे पप्पा बस क्या खडे रहके चलाते?"

*

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे बसस्टँडवर गाडी गच्च भरलेली. खालांनी माझ्या हातात टेप दिला, काकूंनी मागून ढकललं आणि मी केबिनमध्ये. पप्पांच्या अंगात स्वेटर होता. ते फोटो काढल्यासारखे ताठ बसले.

"तसं नाही पप्पा," मी पुटपुटले. "वळण घ्या."

त्यांनी रिकामंच स्टिअरिंग फिरवलं. मागून एक फेटेवाले आजोबा ओरडले, "गिअर टाकताना बी मोज की! डावा हात लांब जातो!"

बरोबरच होतं! मी वाकून डावी बाही मोजत होते, तेवढ्यात जाधवकाकांनी टिंग टिंग केलं. गाडी सुटली, मी आतच! खिडकीतून बघितलं तर काकू पदर खोचून मागे पळत होत्या. "आरं पोरगी हाय आत! पोरगी!"

पण खरी वळणं मला तेव्हाच मिळाली. पुढच्या फाट्यापर्यंत मी चार वळणं मोजली. आजोबा वहीत आकडे लिहीत होते आणि बाकीचे लोक ओरडून सांगत होते. पाठ तीन इंच कमी. उजवी बाही दोन, डावी साडेतीन. फाट्यावर मला उतरवलं तेव्हा अख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या. मी तोंड लपवून घराकडे चालत सुटले, पण हसू काही लपेना.

खालांनी काखेत कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, घालायला शिकवलं, सलवारीला घालतात तशी. पाठीला मरून पट्टा जोडला. दोन बाह्या दोन मापांच्या केल्या. स्वेटर खुंटीला टांगल्यावर काकू म्हणाल्या, "ह्यो माणसाचा हाय का खेकड्याचा?"

चार दिवस पप्पा स्वेटर घालूनच परत आले. पाचव्या दिवशी त्यांनी चहाचा कप उजव्या हाताने उचलला.

*

शनिवारी शाळेत पालकसभा होती. पप्पा ड्युटीवरून थेट आले, स्वेटर घालूनच. उभे राहिले तर डाव्या हाताची बोटं बाहीत गडप, पाठीमागे मरून पट्टा शेपटीसारखा. आया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला वाटलं, बाकाखाली शिरावं. मी मागच्या दाराशी सरकले.

गणिताच्या सरांनी स्वेटर वरपासून खालपर्यंत बघितला. "स्वाती, आपलं अडीचचं उत्तर चुकलं का गं?"

पण पप्पांनी शांतपणे पहिला बाक ओढला, बसले, दोन्ही हात हवेत धरले आणि डाव्या हाताने गिअर टाकला.

"आता बघा सर."

बाह्या मनगटावर. पाठ कमरेवर. कुठे सुरकुती नाही!

आयांच्या तोंडावरचे पदर खाली आले. सरांनी चष्मा वर केला, पप्पांच्या भोवती एक फेरी मारली आणि मग त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

"लातूर एक," सर म्हणाले.

आणि मागच्या दाराशी उभी असलेली मी मोठ्याने ओरडले, "टिंग टिंग!"