बदामाची पानगळ

मुलांनो, सध्या आपला बदाम लालभडक होऊन गळतो आहे. रोज सकाळी मी अंगण झाडते आणि चहा करून बाहेर येते, तोवर पुन्हा दहा-बारा पानं पडलेली असतात. मला वाटायचं, झाडाची जातच तशी.

आज स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि चहा गाळता गाळता हात थांबला. तुमचे आजोबा व्हरांड्याचा कठडा धरून, काठीने फांदी हलवत होते!

"अहो, हे काय चाललंय? माझे गुडघे दुखतात ना!" मी ओरडलेच.

ते चोरासारखे खुर्चीत बसले. मग म्हणाले, "झाडताना निदान माझ्यावर चिडचिड करतेस. झाडून झालं की आत जाऊन इंग्रजी पेपर उघडतेस. मग मला जेवेपर्यंत कोणी नाही."

जन्मभर मी हातातलं काम वेळेवर संपवत आले, त्याचा अभिमान बाळगला. आपलं काम संपतं तेव्हा शेजारी कुणी एकटं पडत असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

मी खराटा उचलला.

"काठी इकडे द्या," म्हटलं. "वरची फांदी तुमच्या हाताला यायची नाही."